ऊन विकत घ्यायचं की नाही

ऊन विकत घ्यायचं की नाही, यावर अर्जुनरावांच्या संस्थेत पुन्हा एकदा बैठक भरली होती. बाहेर एप्रिलचा उन्हाळा असा होता की कुत्रीसुद्धा धरलेली सावली सोडायला तयार नव्हती. अशा दिवशी संस्थेच्या गेवराईजवळच्या तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम सोलर सिम्युलेटर मागत होत्या. म्हणजे खोलीत बसवायचा सूर्य. त्याच्या उजेडाखाली सोलरची प्लेट ठेवली, की ती किती वीज देते हे क्षणात कळतं.

अध्यक्ष अर्जुनराव खर्च-फायद्याचा हिशेब तोंडीच करत. किंमत ऐकून त्यांनी चष्मा काढला. त्या सूर्याला गार खोली लागते आणि वर वीजही लागते, हे ऐकून परत घातला. फुकटचा सूर्य डोक्यावर असताना दुसरा बिल भरून पेटवायचा, हे त्यांच्या काही पचनी पडेना. संचालक तानाजी म्हणाले, हे म्हणजे गेवराईत गोदावरीकाठी राहून वाळू विकत घेण्यासारखं आहे. वाळूचा विषय निघताच दोन संचालक खिडकीबाहेर बघू लागले.

मॅडमनी फायदे सांगितले. पोरांना कामं मिळतील, तपासणीची फी येईल. पण मुख्य गोष्ट वेगळीच होती. वरचं ऊन सकाळी एक, दुपारी एक, धुरळा उठला की तिसरंच. यंत्रात प्रत्येक प्लेटला सारखं ऊन मिळतं, मग दोष कुणाचा ते झाकून राहत नाही. सगळ्यांना सारखं, हे शब्द अर्जुनरावांनी जन्मभर भाषणांत वापरले होते, म्हणून त्यांना ते आवडले. मग काहीतरी लक्षात आलं आणि आवडायचे थांबले.

कारण आसपासच्या विहिरींवर सोलरचे पंप बसवले होते ते त्यांच्याच हनुमाननं. थोरला मुलगा, बोलण्यात गोड, बापाच्या नावावर माल खपवणारा. पंप पाणी कमी फेकतो अशी तक्रार आली, की हनुमान सांगायचा, ऊनच कमी पडतंय. अर्जुनरावांच्या बांधाला बांध लागून असलेली भिवराबाई दोन वर्षं हेच ऐकत होती. बीड जिल्ह्यात ऊन कमी पडतं, हे तिनं मुकाट मानलं, कारण सांगणारा अर्जुनरावांचा पोरगा होता. अर्जुनरावांनीही मानलं होतं. पोरावर संशय घेण्यापेक्षा सूर्यावर घेतलेला बरा. सूर्य काही शेजारी जेवायला बसत नाही.

नको म्हणून मोकळं होणं शहाणपणाचं होतं. पण आपण कशाला भितोय हे स्वतःला सांगायचीही त्यांना लाज वाटली, म्हणून ते म्हणाले, यंत्र आधी चालवून दाखवा.

कंपनीवाले मोठ्या गाडीतच यंत्र घालून आले. संस्थेत नारळापासून भज्यांपर्यंत सगळ्याचा पहिला मान अध्यक्षांचा, तेव्हा मॅडमनी पहिली प्लेट अर्जुनरावांच्या मळ्यातल्या, हनुमाननंच बसवलेल्या पंपाची मागवली होती. दुसरी शेजारच्या भिवराबाईची. ती स्वतः प्लेटीसोबत ट्रॉलीत बसून आली होती. दोन्ही प्लेटांवर एकच छाप, एकच आकडा. अर्जुनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा मान सोडला आणि आधी बाईची लावा म्हणाले.

गाडीत लखकन उजेड झाला. पडद्यावर आकडा आला, तो छापील आकड्याच्या निम्म्याला जेमतेम टेकलेला.

हनुमान गडबडला नाही. कंपनीनं आपल्यालाच फसवलं, सगळा मालच तसला आला असणार, असं तो शांतपणे म्हणाला. अर्जुनरावांचा जीव भांड्यात पडला. पोरगा फसला असेल तर फसू दे, फसलेल्याला माफी असते. आता फक्त आपली प्लेट खराब निघायला हवी होती. त्यांनी मनातल्या मनात कंकालेश्वराला हात जोडले. निवडणुकीतही इतक्या काकुळतीनं जोडले नव्हते. देवा, माझं नुकसान कर.

पुन्हा उजेड झाला. आकडा पुरा आला, वर थोडा जास्तच.

अध्यक्षांचं काहीही पास झालं की टाळ्या वाजवायच्या, ही स्टाफची जुनी रीत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

अर्जुनरावांनी मुलाला गाडीच्या मागं नेलं.

"का म्हून रे असं?"

"आबा, आपल्या घरचं हाय म्हणून निवडून लावलं," हनुमान म्हणाला. आबा खूश होतील असंच त्याला वाटत होतं.

अर्जुनराव तसेच मागं वळले. परत आले तर समोर भिवराबाई, पदर सावरत.

"भाऊ, म्हंजी ऊन कमी न्हवतं का?"

प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडं एक भाषण तयार असे. त्या दिवशी त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"न्हाई बाई. ऊन बराबर हुतं."

त्यांनी आपल्या मळ्यातल्या सगळ्या प्लेटा बाईच्या विहिरीवर नेऊन बसवायला सांगितल्या. मॅडमना म्हणाले, यंत्र घ्या, आणि हनुमाननं बसवलेली एकेक प्लेट इथं आणायला लावा. तानाजींनी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, खर्चाचा आणखी एकदा विचार करता का.

"खर्च व्हायचा तो झाला," अर्जुनराव म्हणाले, आणि हनुमाननं दार उघडून धरलेल्या आपल्या मोटारीत न बसता पायी घरी निघाले.