विहिरीचा पाठ

उंब्रजच्या लीलाबाईला सांगलीच्या एका मुलींच्या शाळेतून मास्तरणीच्या जागेसाठी बोलावणं आलं, तेव्हा तिचा नवरा आकाराम ब्रह्मदेशच्या लढाईत पडून वर्ष उलटलं होतं. सातवीची परीक्षा तिनं त्याच्याच हट्टापायी दिली होती. सासरे नाथाजी भावकीतल्या कुणाचं न ऐकता तिला घेऊन सांगलीला आले आणि शाळेच्या ओट्यावर बसून राहिले.

सकाळी शुद्धलेखन आणि गणितं, त्यातून ज्या बायका उरतील त्यांनी वर्गावर पाठ घ्यायचा आणि शेवटी कमिटीपुढं मुलाखत, असा सगळा बेत होता. शुद्धलेखन, गणितं लीलाबाईला जड गेली नाहीत. तिला धास्ती होती ती बोलण्याची. घरी ती चारचौघींसारखंच बोलायची. बोलावणं आल्यापासून मात्र गोठ्यात शेण भरताना पुस्तकातली वाक्यं मोठ्यानं म्हणून तिनं जीभ वळवून घेतली होती. इथं आलेल्या बाकीच्या बायका मिरज-पुण्याकडच्या. त्यांच्यात ती दुपारपर्यंत तोंड मिटूनच होती.

पाठासाठी तिला विषय मिळाला विहिरीचा. वर्गात मागच्या बाजूला कमिटीचे नानासो आणि तपासनीस बाई खुर्च्या टाकून बसले होते. लीलाबाईनं मुलींना विचारलं, "विहिरीत पाणी कुठून येतं?"

कुणी म्हणालं नदीतून, कुणी म्हणालं देव देतो. मग कोपऱ्यातली एक सावळी, काटकुळी मुलगी उठली. तिचं नाव बनू. आटपाडीकडची, इथं मावशीकडं राहून शिकत होती.

"जिमिनीत मुरल्यालं पानी झऱ्यानं हिरीत येतंय, बाई," ती म्हणाली. "आमच्याकडं मुरायलाच पानी न्हाई, म्हणून उन्हाळ्यात हिरी आटत्यात."

सगळ्या वर्गात तेवढं एकच उत्तर बरोबर होतं, आणि नुसतं बरोबर नव्हे, पोरीनं डोळ्यांनी बघून सांगितलेलं होतं. लीलाबाईला ते कळलंही. पण मागं तपासनीस बाईंच्या कपाळाला आठी पडलेली तिला दिसली. बनूची नव्हे, आपलीच घरची भाषा कुणीतरी पकडली असं तिला वाटलं.

"हिरी नव्हे, विहिरी," ती कडक आवाजात म्हणाली. "पानी नव्हे, पाणी. म्हण पुन्हा."

"इहिरी," बनू म्हणाली.

वर्गात खसखस पिकली. लीलाबाईनं तिला परत म्हणायला लावलं. पोरगी परत चुकली. नानासो मिशीतल्या मिशीत हसले, आणि ते हसले म्हणून लीलाबाईही हसली. बनू खाली बसली. पुढचा सगळा पाठ तिनं मान वर केली नाही. तिचं उत्तर खरं होतं हे सांगायचं लीलाबाईच्या ध्यानात होतं, तरी तिनं ते सांगितलं नाही.

मुलाखतीत नानासोंनी आधी आकारामची चौकशी केली, हळहळ दाखवली. मग म्हणाले, "उच्चारांकडं तुमचं बारीक लक्ष आहे. त्या मुलीला तुम्ही बरोबर धरलंत. खेड्यातून येऊन तुमची वाणी इतकी स्वच्छ कशी?"

"आमच्या घरी असंच बोलतात," लीलाबाई म्हणाली. दार उघडं होतं. ओट्यावर नाथाजी शिपायाला सांगत होते, "आमची सून लय शिकल्याली हाय." आवाज आतपर्यंत येत होता. तपासनीस बाईंनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि समोरच्या कागदात मान घातली. लीलाबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

जागा तिलाच मिळाली. नाथाजींना तर आभाळ ठेंगणं झालं. वाटेत त्यांनी विचारलं, "काय काय इचारलं गं पोरी?"

"हिशेब इचारलं, मामंजी. आन् हिरीचा पाठ घेतला," ती म्हणाली. पुढं काही तिच्यानं सांगवलं नाही. नाथाजींना वाटलं, तिला आकारामची आठवण आली असंल. त्यांनी तिच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली.

जूनमध्ये ती कामावर हजर झाली. बनू तिच्याच वर्गात होती. लीलाबाई प्रश्न विचारी, तेव्हा बनू पाटीवर नजर लावून बसे. नाव घेऊन उठवलं तर उभी राही आणि म्हणे, "मला येत नाही." हे तीन शब्द ती अगदी शुद्ध म्हणायची.

एका दुपारी लीलाबाईला राहवलं नाही. वर्गापुढं ती म्हणाली, "त्या दिवशी विहिरीचं उत्तर एकट्या बनूनं बरोबर दिलं होतं. मी तिला उगीच हसले. घरी मीबी हीरच म्हणते."

बाईंच्या तोंडून 'हीर' ऐकून मुली हसल्या. या वेळी त्या लीलाबाईला हसत होत्या, आणि तिनं त्यांना हसू दिलं. बनू हसली नाही. तिनं डोकं वर करून बाईंकडं थोडा वेळ पाहिलं, मग पुन्हा पाटीवर लिहायला लागली.

लीलाबाई फळ्याकडं वळली. खडू घेऊन तिनं 'विहीर' लिहिलं, आणि त्याच्या शेजारी 'हीर'.