जशीच्या तशी फरशी

"अरं पोरा, जेवायला आलायस का फरशी चाटायला?"

मालतीबाईंनी हातात उलथनं घेऊनच विचारलं. ऋषिराज टेबलाखालून अर्धा बाहेर आला आणि हसला. भिगवणच्या त्या खानावळीत दुपारची गर्दी सरली होती, चिलापी मासा तळल्याचा वास अजून घुमत होता, आणि हा गडी गुडघ्यांवर बसून मोबाईलनं जमिनीचे फोटो काढत होता.

"मावशी, नक्षी कुठून परत सुरू होती ते शोधतोय."

"आन ते घावल्यावर?"

"तेवढा एकच तुकडा कॉम्प्युटरला शिकवायचा. मग नव्या हॉलभर ती नक्षी त्यो आपोआप पसरतो. हॅच म्हणत्यात त्याला."

"बघ की! आमच्या ह्यांचं गुडघं सोलून निघालं, आन तुझ्या कॉम्प्युटरचं आपोआप!"

'हे' म्हणजे कुंडलिक. मूळचे वरकुट्याचे गवंडी. खानावळ टाकली तेव्हा सगळी जमीन त्यांनी स्वतः घातली होती. पिवळी सिमेंटची फरशी, प्रत्येकीच्या एका कोपऱ्यात विटकरी पाकळी. चार फरश्यांचे ते कोपरे एकत्र आले की एक फूल. आता कुंडलिक नव्हते. खानावळीला लागून नवा हॉल होणार होता. मुलाला, दिग्विजयला, सगळीकडे पांढरी चकचकीत टाईल हवी होती. मालतीबाईंना नव्या हॉलमध्येही हीच फरशी हवी होती, जशीच्या तशी.

"ऋषिराज, ऐक," गल्ल्यावरून दिग्विजय म्हणाला. "उद्या कंत्राटदार यायचाय. तवर ही फरशी नकाशात आली, तर माझं काय म्हणणं न्हाय. न्हाय जमली, तर जुनी बी उखडून पांढरी टाकतो. आई, कबूल?"

मालतीबाईंनी तव्यातला मासा उलटला. "कबूल. पर तू त्या पोराला भ्या नको घालूस."

ऋषिराज बारामतीला, जळोचीतल्या वल्लरी मॅडमच्या ऑफिसात नकाशे काढायचा. कॉलेज अर्धवट सोडलेलं; जे येत होतं ते व्हिडिओ बघून आणि चुकून-माकून. सॉफ्टवेअरमध्ये विटांची, लाकडाची, दगडाची नक्षी तयार मिळायची. कुंडलिकचं फूल कुठून मिळणार? ते स्वतःच बनवायचं. त्यातही गंमत अशी, की हॅचला वाकडी रेघ कळतच नाही. पाकळीची गोलाई बारक्या बारक्या सरळ रेघा जोडून आणावी लागते. पहिलं फूल कारल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या सांध्यात फट राहिली. कितव्यातरी खेपेला जमलं, आणि एका क्लिकसरशी पडदाभर फुलं उमलली. ऋषिराज एकटाच "आयला!" म्हणाला.

मग त्यानं खानावळीचे फोटो एकाला एक जोडून त्या फुलांखाली सरकवले. फूल फुलावर बसलं. पुढचंही बसलं. आणि मध्येच एका ठिकाणी फरशी फिरलेली. पाकळी भलत्याच कोपऱ्यात, फूल मोडलेलं. आणखी पुढं तसंच.

त्याला वाटलं, आपला तुकडाच छोटा पडला. मोठा करून बघितला. तरी तेच.

वल्लरी मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. "कारागिराच्या चुका आहेत रे. सोड, सरळ हॅच मारून टाक."

"पण मावशी जशीच्या तशी म्हणाल्यात."

"चुकांसकट?"

"चुका हायत का, तेच तर कळंना."

त्यानं उलटं केलं. बसलेली सगळी फुलं पुसली आणि फक्त फिरलेल्या फरश्या ठेवल्या. रिकाम्या पडद्यावर ठिपके उरले. चार-चारचे चौकोन, एका ओळीत, मध्ये माणूस जाईल एवढी वाट. ऋषिराज खुर्चीत मागं रेलला. चूक अशी रांगेत उभी राहत नाही.

सकाळी कंत्राटदाराच्या आधी तो भिगवणला पोचला आणि त्या ठिपक्यांचा कागद त्यानं मालतीबाईंसमोर धरला.

"मावशी, ही टेबलं हायत का?"

मालतीबाईंनी ओले हात पदराला पुसले. कागद लांब धरून बघितला.

"व्हय की रं. माशाची खानावळ, रोज टेबलं भाईर काढून फरशी धुवायला लागती. धुतल्यावर पोरं टेबलं कशीबी लावायची, वाट राहायची न्हाय. मग ह्यांनी टेबलाच्या पायाखालची फरशी तेवढी फिरवून घातली. फूल मोडलं की पाय तितंच. ही प्लास्टिकची टेबलं आली आन सगळं इसरलं."

"मला कधी बोलली न्हाईस," दिग्विजय म्हणाला.

"तू तवा हास्टेलला. आन आल्यावर कधी खाली बघितलंस?"

ऋषिराजनं कागदावर एका कडेला बोट ठेवलं. चूल आणि मागचं दार यांच्यामध्ये एक चौकोन एकटाच होता, बाकीच्यांपेक्षा लहान. "मग हितं कुणाचं टेबल? हितं गिऱ्हाईक कशाला बसंल?"

मालतीबाईंनी कागद खाली ठेवला.

"ते माझं. मी उभ्यानंच जेवायची, चुलीपाशी. हे म्हणले, तुझी बी जागा बांधून टाकतो, म्हंजी कुणी हलवायचं न्हाय. बसली की मी थोडं दिवस. मग गिऱ्हाईक वाढलं, टेबल म्होरं गेलं."

दिग्विजय उठला, कोपऱ्यातलं एक टेबल ओढत चुलीमागं घेऊन गेला आणि त्या फिरलेल्या फरश्यांवर ठेवायला लागला. दोन पाय बसले, दोन बाहेर राहिले. त्यानं टेबल फिरवून बघितलं. तरी तेच.

"न्हाय बसायचं ते," मालतीबाई म्हणाल्या. "ह्ये त्या मापाचं न्हाय."

दिग्विजय टेबलाला धरून तसाच उभा राहिला. मग ऋषिराजकडं न बघता म्हणाला, "कंत्राटदाराला सांग, जुनीला हात लावायचा न्हाय. नव्या हॉलला बी हीच."

"आन फिरलेल्या फरश्या? त्या मला नकाशात एक-एक हातानं काढाव्या लागतील. काढतो, पण टेबलं कुठं कुठं?"

"ते निकिताला इचार," मालतीबाईंनी सुनेकडं हात केला. "नव्या हॉलमधी तिला वाढायचंय. वाट तिची, जागा बी तिच्या."

निकितानं ताट आणून त्या वाकड्या बसलेल्या टेबलावर ठेवलं. भाकरी, कालवण, कांदा. "बसा आत्या."

मालतीबाई बसल्या. पहिला घास मोडला, तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं, "हाय का कुणी? जेवण मिळंल का?"

त्या अर्ध्या उठल्या.

"मी बघती," निकिता म्हणाली आणि पुढं गेली.

मालतीबाई खाली बसल्या आणि जेवू लागल्या. पण एक पाय चुलीकडं वळलेलाच होता.