गोड झालेला माधव

कसबा पेठेत माझ्या भावाचं, माधवचं, दुकान आहे. पोळपाट, किसण्या, झारे, असलं सामान. माल चांगला, पण माधवचं तोंड फटकळ. 'दुसरं दाखवा' म्हणणाऱ्याला तो 'याला काय झालंय?' असं विचारायचा. घासाघीस करणाऱ्याला सरळ रस्ता दाखवायचा. तरी गिऱ्हाईक यायचं, कारण वाईट वस्तू त्यानं कधी कुणाच्या गळ्यात मारली नाही. मी त्याची थोरली बहीण, शेजारच्याच आळीत राहते, आणि तोंडाच्या बाबतीत मीही काही कमी नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा तेवढी गेली. समजायचं सगळं, पण शब्द ओठापर्यंत येऊन परत जायचा. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, त्यांच्या मनातलं तुम्ही ओळखून देऊ नका, त्यांना बोलायला लावा. माझ्या भावजयीनं, द्वारकेनं, ते अगदी मनावर घेतलं.

माधवनं तांब्याकडे बोट केलं की ही ढिम्म. "बोटाला तहान लागलीय का? तोंडानं मागा." तो घामाघूम व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं, 'पा... पा...' करत राहायचा. 'पाणी' असं पुरतं म्हटल्याशिवाय ही पेला पुढे करायची नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, माणूस आहे की जनावर तो?" मी म्हणाले. "इतकी कठोर कशी गं तू?"

"वन्सं, तुम्ही पाणी द्याल आणि घरी जाल," ती म्हणाली. "मला उरलेला जन्म यांच्याशी बोलायचंय."

मी तांब्याकडे नेलेला हात मागे घेतला. मला गप्प बसवणं सोपं नाही, विचारा पेठेत कुणालाही.

एकेक शब्द यायला लागला. पाणी. चहा. पंखा. पण वाक्य काही जुळेना. मग द्वारका त्याला रोज दुकानात बसवू लागली. लोक म्हणाले, आजारी नवऱ्याला राबवते. हिनं लक्षच दिलं नाही. पण दुकानात भलतंच झालं. गिऱ्हाईकं त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तशी बोलायची, 'बसा हं काका, राहू दे.' आणि माधव नुसता हसून मान हलवायचा. अख्खी पेठ म्हणायला लागली, किती गोड झाले हो माधवराव.

एकदा द्वारका मला मागच्या खोलीत घेऊन गेली. "वन्सं, हे सारखे हसतात," ती म्हणाली. "मला भीती वाटते. शब्द येतील हो. पण ज्यांच्याशी मी इतकी वर्षं भांडले, ते परत येतील का?" एवढं बोलली आणि डोळे पुसून पुन्हा त्याला ओरडायला बाहेर गेली. त्या बाईचं मला काय कौतुक वाटलं म्हणून सांगू.

श्रावणात एक बाई दुकानात आल्या. एकामागून एक किसण्या काढायला लावल्या, प्रत्येकीला नाक मुरडलं. मग माधवकडे बघत द्वारकेला मोठ्यानं विचारलं, "आजोबांना बोलता येत नाही वाटतं?"

माधवचं हसू गेलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर द्वारकेनं माझा दंड इतक्या जोरात दाबला की मी कळवळले.

"ये... येतं," माधव म्हणाला. "पण... तुमच्याशी... कशाला बोलू?"

बाई रागानं लाल झाल्या, हातातली किसणी टाकून तरातरा निघून गेल्या. दवाखान्यातही न रडलेली द्वारका तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागली. "आले हे," ती म्हणत होती. "वन्सं, हे आले."

मी चपलासुद्धा न घालता पळत सुटले. बाईंना चौकात गाठलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले. त्या हात सोडवायला लागल्या.

"रागावू नका हो," मी म्हणाले. "झटका आल्यापासून माझा भाऊ कुणाशीच असं बोलला नव्हता. तुमच्याशी बोलला."