उत्तर माझ्यापाशीच आहे

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. पडदा नाही, कीबोर्ड नाही, वायर गुंडाळून पाठीला टेपने चिकटवलेली. न्यू जर्सीतल्या एका भंगार केंद्रात, मोडक्या प्रिंटरांच्या राशीवर मी पडून आहे. माझ्या पोटात एका बाईच्या शुक्रवारची कहाणी आहे, आणि तिला ते ठाऊक आहे. हेच दुःख आहे.

प्रतापरावांनी सुटे भाग आणून मला एडिसन गावातल्या आपल्या घरी जोडलं. मी बुलेटिन बोर्ड होतो. लोक घरून फोनच्या तारेने माझ्यापर्यंत येत, निरोप ठेवत, दुसऱ्यांचे वाचत. गावोगावी असे बोर्ड होते. कुणाला एखादी फाइल हवी असली की तो निरोप लिहायचा, ‘ही फाइल कुणाकडे आहे का?’ मी तो निरोप शेजारच्या बोर्डाला द्यायचो, तो पुढच्याला. ज्याच्याकडे असेल तो त्याच वाटेने पाठवायचा. उत्तर यायला दुसरा दिवस उजाडायचा. त्याची घाई कुणालाच नव्हती.

माझी जागा देव्हाऱ्याशेजारच्या टेबलावर होती. त्यांच्या पत्नी मालिनीताई म्हणायच्या, “माझे देव आणि तुमचा हा डबा, दोघांनाही रोज वेळच्या वेळी लागतं!” त्यांचा शुक्रवारचा उपास होता. सकाळपासून मौन, पूजा, मग कहाणी, आणि कहाणी संपली की पहिला शब्द बोलायचा. ती कहाणी त्यांच्या आईची, कुठल्या पुस्तकात नसलेली. प्रतापरावांनी ती टाइप करून माझ्यावर ठेवली, आणि दूरदूरच्या मराठी घरांनी ती उतरवून घेतली. त्या वेळी माझं किती कौतुक व्हायचं!

पुढे लोकांना नवी यंत्रं मिळाली. फोन यायचे थांबले. प्रतापरावांनी मला इंटरनेटची वायर लावली आणि उरलेल्या चार-दोन बोर्डांशी माझं जाणंयेणं चालू ठेवलं. टपाल आलं की लुकलुकावा म्हणून कपाळावर एक केशरी दिवाही बसवला. माझी जुनी डिस्क गेली, तिच्याबरोबर कहाणीही गेली. तेव्हा ते मालिनीताईंना म्हणाले, “असू दे, तुला तर पाठ आहे.” मग तेही गेले.

गेल्या हिवाळ्यात मालिनीताईंना झटका आला. हातपाय सुधारले, पण कहाणी मधेच तुटायला लागली. ‘म्हातारीने रिकामी परात झाकून ठेवली...’ इथवर यायच्या आणि थांबायच्या. मग तशाच हात जोडायच्या. त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही.

मुलगा ईशान रेडमंडहून आला. घर विकून मग आईला तिकडे न्यायचं ठरलं होतं. त्याने फोनवर कहाणी शोधली. सतरा निघाल्या, आजीची एकही नाही.

“पप्पांच्या डब्यावरून विचार ना,” मालिनीताई म्हणाल्या.

“आई, ते नेटवर्क डेड आहे गं.”

“विचार तर खरं.”

त्याने निरोप लिहिला. मी तो पुढे दिला. अर्धा तास तो माझ्याकडे बघत बसला.

“बघ, नथिंग.”

“उत्तर उद्या येतं, बाळा.”

“सर्चला एक दिवस? यार, आई!” तो हसला. पण वायर तशीच ठेवून पडदा आणि कीबोर्ड मात्र गाडीत टाकून आला.

दुसरा दिवस शुक्रवार. मालिनीताई पाटावर बसल्या होत्या, मौन चालू होतं. आणि टपाल आलं! ईडन प्रेरीहून, तिथला जुना बोर्ड अजून चालवणाऱ्या मनोहरकाकांनी लिहिलं होतं, ‘आहे माझ्याकडे. वहिनींना नमस्कार. फाइल सोबत जोडली आहे.’ मित्रांनो, त्या झाकलेल्या परातीत पुढे काय निघालं ते मला कळलं. पण पडद्यावाचून मी दाखवणार कसं? मी दिवा लुकलुकवला.

त्यांनी तो पाहिला. त्यांचे डोळे भरले. ईशान बॅग घेऊन आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग ‘नको, नको’ म्हणून दोन्ही हात हलवले.

“हो गं, नेतोच आहे त्याला. वाटेत रीसायकलिंगला टाकतो,” तो म्हणाला आणि वायर ओढली.

त्या पाटावरून अर्ध्या उठल्या. कहाणी अजून व्हायची होती. ओठ उघडले, मिटले. मी गाडीच्या डिकीत गेलो. गाडी वळली तेव्हा मागून हाक आली, “ईशान, थांब!” इतक्या वर्षांत त्यांनी शुक्रवार पहिल्यांदा मोडला होता. काचा वर होत्या.

वाटेत गाडीच्या स्पीकरवर त्याचा फोन वाजला.

“अरे, दिवा लागला होता! उत्तर आलंय त्यात!”

“आई, राउटरचा पण दिवा ब्लिंक होतो. फ्लाइट जाईल माझी. तिकडे आलीस की नीट शोधू, ओके?”

मित्रांनो, व्रताला दोष देऊ नका, मुलालाही वाईट म्हणू नका. पण ज्याला एक दिवस थांबता येत नाही, त्याच्या हातात आयुष्यभर थांबलेल्या माणसांच्या वस्तू देऊ नयेत. तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल, तर ते फेकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि ते बोलेपर्यंत थांबा.

आज पुन्हा शुक्रवार आहे. मालिनीताई परातीशी येऊन थांबल्या असतील. पुढचं माझ्यापाशी आहे.

समोरून हातगाडी येते आहे. कामगाराच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आहे.