एक बोट निळं

टोपीवाल्यांनी जन्मभर लोकांना टोप्या घातल्या, पण त्या खऱ्याखुऱ्या, स्वतः शिवलेल्या. म्हणूनच परदेशातली लेक फोनवर म्हणाली, "बाबा, विमान सरळ येत नाही, आधी उत्तरेला चढतं, जमिनीवरून येतं आणि बारा तासांत पोचतं," तेव्हा त्यांना वाटलं, आता आपल्यालाच कुणीतरी टोपी घालतंय. भिंतीवरच्या नकाशात दोन्ही शहरं समोरासमोर होती, मध्ये मोठा समुद्र. सरळ वाट सोडून हा द्राविडी प्राणायाम कोण करील?

गंमत बाजूला ठेवा, प्रश्न साधा नव्हता. लेकीचं बाळंतपण तीन आठवड्यांवर आलं होतं आणि तिची आई पाण्यावरून जायला तयार नव्हती. बावीस वर्षांपूर्वी या आईचा धाकटा भाऊ होडीसकट समुद्रात गेला, तो सापडलाच नाही. "तुम्ही एकटे जा," ती म्हणाली आणि बाळाची दुपटी घड्या करून नवऱ्याच्या बॅगेत भरू लागली. 

पण टोपीवाल्यांच्या डोक्यात त्या विमानाच्या वाटेचा किडा शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपीचे सहा तुकडे कापून टेबलावर मांडले, तर त्यांची वरची टोकं एकमेकांपासून लांब लांब. शिवल्यावर हीच टोकं माथ्यावरच्या एका गुंडीखाली येतात. कात्री हातातच राहिली. गोल वस्तू सपाट केली की वरची बाजू फाकणारच! भिंतीवरच्या नकाशाचंही तेच, उत्तरेकडची वाट दिसते त्याहून जवळची. चाळीस वर्षं हातांना ठाऊक असलेलं डोक्याला आत्ता कळलं.

समोरच्या शाळेतल्या बाईंकडून त्यांनी पृथ्वीचा गोल मागून आणला. दोऱ्याचं एक टोक एका शहरावर चिकटवलं, दुसरं ताणून दुसऱ्यावर. दोरा आपणहून सरकला आणि उत्तरेला चढून बसला.

"अगं, इकडे ये! पोरगी खरं बोलत होती."

बायकोने चष्मा लावला. दोऱ्याखाली डोंगर, जंगलं, बर्फ. ती दोऱ्यावर एकेक बोट टेकवत अंतर मोजू लागली. सात झाली आणि मध्ये नवऱ्याचा अंगठा आला.

"अंगठा उचला."

"दोरा घसरेल गं."

"दोन्ही टोकं चिकटवलीत ना? उचला."

त्यांनी चोरी पकडली गेल्यासारखा अंगठा उचलला. खाली निळं होतं.

"एवढंच आहे," ते पुटपुटले. "बाकी सगळी जमीन."

तिने त्या निळ्यावर बोट ठेवलं. बोटाखाली ते मावलं. मग पुढची बोटं मोजली. एकूण बारा भरली.

"बारा बोटं, बारा तास," ती म्हणाली. "म्हणजे हा एक तास."

"हो."

"त्या तासात तुम्ही झोपायचं नाही. माझा हात धरून बोलत राहायचं."

"काय बोलू?"

"माझ्या भावाबद्दल बोला. बावीस वर्षांत या घरात त्याचा विषय कुणी काढलेला नाही."

"बोलेन," टोपीवाले म्हणाले. तिने दुपटी त्यांच्या बॅगेतून बाहेर काढली आणि स्वतःची बॅग शोधायला आत गेली.