चार हातांची जोडी

विटांच्या साच्याच्या कोपऱ्यात कधीचा चिखल वाळून बसला होता. ती तो नखानं खरवडत होती, आणि भट्टीचा मुकादम तिच्याकडे न बघताच म्हणत होता, "एकटी बाई घेत नाही. जोडी लागते."

जोडी म्हणजे नवरा-बायको. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बारा हंगाम ती याच भट्टीवर विटा थापत आली होती. नाव मात्र नवऱ्याचं. माती तो कालवायचा... म्हणजे कालवायला घ्यायचा, आणि कंबर धरून सावलीला जायचा. मग तीच तुडवायची, तीच थापायची. सातव्या महिन्यात उकिडवं बसवेना, तर गुडघ्यांवर बसून थापल्या होत्या—तेव्हा नाही कुणी म्हणालं, एकटी बाई चालत नाही म्हणून! गेल्या पावसाळ्यात तीन दिवसांच्या तापात तो गेला. ती रडली, मनापासून रडली. वाईट नव्हता बिचारा. पण त्याच्याबरोबर माझे हातसुद्धा गेले, असं कुणी ठरवलं?

"जोडी आणलीय," ती म्हणाली.

मागे तिची नणंद उभी होती. नवऱ्यानं टाकलेली, पदर खोचून.

मुकादम हसला. "दोन बायकांची कसली जोडी? चेष्टा करता काय, वहिनी?"

"चेष्टा कसली, भाऊ? हात मोजा. चार आहेत."

"मालक मला विचारतील."

"मग त्यांना माझ्याकडे पाठवा."

बोलून गेली आणि मग घाबरली. परत जायचं तर कुठे? कापणीला यंत्र आलेलं, गावात काम औषधालाही नाही... पाया पडावं का? बारा हंगाम पडतच तर आले.

"वन्सं, पाणी आणा," ती म्हणाली आणि चिखलाच्या खड्ड्यात उतरली.

"अहो, मी अजून हो म्हटलेलं नाही!"

"ऐकलं."

माती गार होती, घट्ट होती. पाय उचलताना पोटऱ्या ओढत होती. भीती गेली नव्हती, छे, भीती कुठली जातेय... पण मघाशी गळ्याशी आलेली ती आता खाली उतरली होती, पायांत, आणि पाय तर तुडवतच होते. काठावर मुकादमाच्या चपला तिला दिसत होत्या. कोऱ्या होत्या. नाही म्हणायचं असेल, तिला वाटलं, तर त्यानं इथे खाली उतरावं आणि म्हणावं.