पुजलेले उंदीर

सरोजिनीकाकूंची चिंगी गेली, त्याला महिना होत आला होता. गेली म्हणजे मेली नव्हे. मांजराच्या केसांनी घर घाण होतं म्हणून त्यांच्या मुलानं, गुरुप्रसादनं, तिला गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात पोचवली होती. मुलाच्या घरात राहणारी आई बोलून बोलून किती बोलणार.

मग निवारा चालवणाऱ्या स्नेहलचा फोन आला. चिंगी खात नाही, कोपऱ्यात तोंड करून बसते, घरच्या वासाचं काहीतरी खेळायला पाठवा. काकूंनी आपला जुना स्वेटर उसवला आणि त्याच लोकरीचा, क्रोशाच्या सुईनं, एक गुबगुबीत उंदीर विणला.

इथवर सगळं ठीक होतं. पण तो उंदीर आमच्या मंगळवार पेठेतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा क्रांतीताईंनी पाहिला, आणि त्यांच्या नजरेस काही चांगलं पडलं की त्याचा कार्यक्रम होतो. निवाऱ्यातल्या सगळ्या मांजरांना उंदीर द्यायचं ठरलं. आम्ही सगळ्या सुया घेऊन बसलो. माझा उंदीर बटाट्यासारखा झाला, तरी कौतुक झालं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर क्रांतीताई होत्या, प्रमुख पाहुणे धैर्यशीलदादा होते, गॉगल लावलेले शुभेच्छुक होते. मांजराला जागा उरली नाही.

कार्यक्रमात उंदीर ताटात मांडले. गणपती तोंडावर आलेले. दादांना निवडणूक लढवायची असल्यामुळे ते दिसेल त्याला हात जोडत होते, त्यांनी ताटालाही जोडले. ते पाहून कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला, आरतीही झाली. काकूंचा उंदीर सगळ्यांत देखणा, म्हणून तो दादांना भेट दिला गेला. उरलेले स्नेहल पिशवीत भरू लागली, तोच मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाळाबाईंनी तिचा हात धरला.

"आता ह्ये उंदीर न्हाईत, मूषक हायती. पुजलेला मूषक मांजराच्या तोंडात देतीस व्हय?"

मग चर्चा झाली आणि एकमतानं ठरलं, की मूषक घरोघरच्या देव्हाऱ्यात जावेत आणि मांजरांच्या वतीनं स्नेहलला शाल-श्रीफळ द्यावं. मांजरांना शाल फार आवडेल, असं दादा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं फिरलं होतं.

तेवढ्यात काकू उठल्या. इतक्या वर्षांत त्यांना सभेत उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी सरळ दादांच्या हातातला उंदीर घेतला आणि पदरानं त्याचं कुंकू पुसलं.

"देवाला माझा वास घिऊन काय करायचंय? तिला पायजे त्यो."

आणि त्या स्नेहलच्या स्कूटरवर बसून निघून गेल्या. मी रिक्षा करून मागोमाग गेले.

चिंगीनं उंदीर एकदा हुंगला, त्याच्यावर पाय दिला आणि थेट काकूंच्या मांडीवर चढली. त्यांच्या पोटाशी तोंड खुपसून घुरघुरायला लागली. मला रडू आलं. काकू नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दिवेलागणीला गुरुप्रसादचा फोन आला, आई, कुठं आहेस म्हणून.

"निवाऱ्यात हाय," काकू म्हणाल्या. "न्यायचं असलं तर दोघींस्नी ने. न्हाईतर मी बी हितंच ऱ्हातो."